टोपीखालची कणसं

मीनाक्षीबाईंनी ज्वारीच्या कणसावर कागदाची पिशवी चढवली, मानेशी तिची कड दुमडली आणि ओठांत धरलेली टाचणी काढून तिथे टोचली. ओळीत अजून बरीच कणसं उरली होती. ताटं त्यांच्या डोक्याच्या वर गेलेली, म्हणून त्या प्रयोगशाळेतल्या स्टुलावर उभ्या होत्या, आणि स्टूल काळ्या मातीत एका अंगाने रुतत चाललं होतं. वनस्पतीशास्त्राच्या विभागप्रमुख बाईंनी स्टुलावर चढून कणसांना टोप्या घालाव्यात, हे विद्यापीठाच्या शोभेला धरून नव्हतं. पण विभागाचा माळी निवृत्त होऊन वर्षं लोटली होती, आणि त्याची जागा भरण्याचं घोंगडं मुख्य इमारतीत भिजत पडलं होतं.

"स्टूल धर नीट, पुंजाराम."

पुंजारामने स्टूल धरलं. तो मूळचा बिडकीनचा. विद्यापीठाच्या मैदानावर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, फक्कीच्या रेषा आखायच्या, ही त्याची कामं. क्रीडा संचालक रामकिसनने त्याला या हंगामापुरतं पाखरं राखायला मीनाक्षीबाईंच्या वावरात धाडलं होतं. वावर म्हणजे मैदानाला लागून असलेला विभागाचा लहानसा तुकडा.

"मॅडम, ह्यांना टोप्या कामून घालायच्या?"

बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. शिवाय परागीभवन म्हणजे काय, हे सकाळी पहिल्या वर्षाच्या मुलांना दोनदा सांगून त्यांचा घसा बसला होता.

"जपायची आहेत म्हणून," त्या टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या. "कडेच्या ओळी पाखरांनी खाल्ल्या तरी खाऊ दे. ह्या मधल्या ओळींतलं एकही कणीस जाता कामा नये."

"पाखराची काय बिशाद हाय," पुंजाराम म्हणाला.

तेवढ्यात मैदानाच्या बाजूने रामकिसन आला. पन्नाशीला टेकलेला, पण चाल अजून धावपटूची. तो फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातला. कधीकाळी याच विभागात मीनाक्षीबाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा आणि हजेरी झाली की खिडकीतून मैदानावर जायचा. आता मैदानच त्याच्या ताब्यात होतं. त्याच्यामागे दोन माणसं लांब टेप ओढत येत होती. टेप वावराच्या बांधाशी येऊन थांबली.

"मॅडम, भिऊ नका. नुसतं माप हाय. आत पाय टाकणार नाय कुणी."

"वळण इथूनच जाणार?"

"इथूनच. सरळ पट्टी मैदानात बसती, पण वळण तुमच्या वावरात येतंय. लई डोकं लावलं आम्ही. पळायच्या ट्रॅकला वळण तर पाहिजेच ना."

"पाहिजे."

"शिमग्यापर्यंतचा शब्द दिलाय. तुमचा अभ्यास झाल्याबिगर ट्रॅक्टर आणला तर नाव बदलीन."

बाईंनी मान हलवली आणि पुढच्या कणसाकडे स्टूल सरकवायला सांगितलं. रामकिसनशी भांडण काढावं असं त्यांना वाटत नव्हतं. भांडायचे दिवस मागेच होऊन गेले होते, आणि त्यात कोण हरलं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

विभागाच्या तळघरात एक थंड खोली होती. मीनाक्षीबाईंनी तरुणपणापासून जमवलेलं बियाणं तिच्यात असायचं. जायकवाडीचं धरण भरायला लागलं, पैठणच्या वरच्या अंगाची गावं उठू लागली, तेव्हा संशोधक विद्यार्थिनी असलेल्या मीनाक्षीबाई एसटीने त्या गावांत जायच्या. लोक भांडीकुंडी, दारं-चौकटी बैलगाडीत भरत असायचे, आणि ही शहरातली मुलगी त्यांच्याकडे ज्वारीचं बी मागायची. काहींनी हाकललं. बऱ्याच जणांनी दिलं. पिंपळठाणच्या दगडाबाई नावाच्या म्हातारीने आढ्याला टांगलेलं कणीसच काढून हातात ठेवलं होतं. गाव पाण्याखाली गेलं, माणसं पांगली, सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी सरकारने दिलेलं संकरित बियाणं पेरलं. ती जुनी ज्वारी राहिली ती या तळघरात.

मग एका उन्हाळ्यात थंड खोलीचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा प्रस्ताव गेला, परत आला, पुन्हा गेला. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे दोन उन्हाळे गेले. तळघर भट्टीसारखं तापलं. बाईंनी ओल्या टीपकागदावर बी घालून पाहिलं, तर बहुतेक गावांचं बी फुगलं आणि सडलं. दोन-तीन गावांचं तेवढं उगवलं, त्यातही पिंपळठाणचं जास्त. जे उगवलं ते सगळं त्यांनी ट्रेमध्ये वाढवून यंदा वावराच्या मधल्या ओळींत लावलं, कडेला पाखरांसाठी साधी ज्वारी. मागे शिल्लक काही ठेवलं नाही, ठेवून उपयोगही नव्हता. या सगळ्या खटपटीत पेरा उशिरा झाला. आसपासच्या ज्वाऱ्या निसवून कणसं बाहेर आली, तेव्हा हिची अजून पानांच्या पोटऱ्यांतच भरत होती.

ट्रॅकचा ठराव आला तो त्याच सुमारास. सूचक होता, अनुमोदक हवा होता, आणि क्रीडा विभागाच्या ठरावाला शास्त्राच्या एखाद्या विभागाने अनुमोदन दिलं तर बरं दिसेल, असं कुलगुरूंचं म्हणणं पडलं. आदल्या दिवशी रामकिसन बाईंच्या खोलीत येऊन बसला होता. त्याने त्याच्या एका मुलीची गोष्ट सांगितली. कालिंदी नाव, मोलमजुरी करणाऱ्या बापाची पोर, पळायला लागली की वारा मागे पडावा. तिला आंतरविद्यापीठ स्पर्धेला नेलं. तिथे तिने आयुष्यात पहिल्यांदा रबरी ट्रॅक पाहिला. इथल्या फक्कीच्या रेषा दोन फेऱ्यांत पायाखाली पुसून जातात, त्यामुळे वळणावर आपल्या पट्ट्यात राहायची सवयच तिला नव्हती. ती सगळ्यांच्या पुढे होती आणि शेजारच्या पट्ट्यात शिरली. बाद झाली.

"रडली बी नाय, मॅडम," रामकिसन म्हणाला होता. "येताना रेल्वेत मला इचारलं, सर, माझं चुकलं काय? काय सांगणार?"

ट्रॅक हवा हे बाईंना पटत होतं. थंड खोलीही हवी होती. एकाच ताटातल्या एकाच भाकरीकडे दोघं बघत होते, आणि ताट वाढणारा तिसराच होता. रामकिसनने शिमग्यापर्यंत वावराला हात न लावण्याचा शब्द दिला. दुसऱ्या दिवशी बैठकीत बाईंनी हात वर करून अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या. थंड खोलीचा विषय जेवणानंतर निघाला आणि निधी उपलब्ध झाल्यावर विचार करावा, असं ठरून सगळे चहाला उठले. त्या दिवसापासून बाईंना एक प्रकारचं बधिरपण आलं होतं. दाढ काढताना दिलेल्या इंजेक्शनाने गाल जसा आपला वाटत नाही, तसं. पण वावर होतं. शिमग्याला बी हातात येईल आणि मग त्याचं काय करायचं ते बघता येईल, एवढा एकच विचार त्यांनी धरून ठेवला होता.

ट्रॅकची जागा पाहायला राज्याची समिती संक्रांतीच्या सुमारास येणार होती. ती लांबली आणि माघात आली. तेव्हा मीनाक्षीबाई पैठणच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेसाठी गेल्या होत्या. बाहेरच्या परीक्षक म्हणून तिथेच दोन-तीन दिवस मुक्काम होता. शेवटच्या दिवशी दुपारी रामकिसनचा फोन आला.

"मॅडम, समिती आलीय. चारच्या सुमाराला वावरावर या. तुमच्याबिगर सुरुवात करणार नाय आम्ही. तुमचाच मान हाय."

सत्कार असणार, असं बाईंना वाटलं. ज्याचं काढून घ्यायचं त्याला शाल द्यायची, ही इथली रीत त्यांना चांगली ठाऊक होती. त्यांनी परीक्षेचे कागद लाखेने बंद करून दिले आणि एसटी पकडली. बिडकीनच्या पुढे बस बराच वेळ उभी राहिली. शहरात स्टँडवर उतरून रिक्षा करेपर्यंत चार वाजून गेले होते.

विद्यापीठाच्या फाटकातून आत येतानाच हुरड्याचा वास आला. गोवऱ्यांचा धूर आणि त्यात भाजत्या कोवळ्या दाण्याचा गोडसर वास. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. कुठेतरी कुणीतरी हुरडा भाजतंय हे कळून त्यांना बरं वाटलं. रिक्षा मैदानाच्या वळणावर सोडून त्या चालत निघाल्या.

वावराच्या बांधाशी आगटी पेटवलेली होती. भोवती सतरंज्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर समितीची माणसं, कुलगुरू, तीन-चार प्राध्यापक, मैदानावरची मुलंमुली अशी सगळी बसली होती. गूळ, दही, लसणाची चटणी, शेव, सगळी तयारी होती. रामकिसन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आगटीजवळ उकिडवा बसला होता. तो निखाऱ्यातून कणीस काढायचा, दोन्ही तळव्यांत चोळायचा, फुंकर मारून फोलपट उडवायचा आणि हिरवे गरम दाणे पाहुण्याच्या हातात ओतायचा. हे काम शिपायावर सोडायचं नसतं, पाहुण्याला हुरडा यजमानाने स्वतःच्या हाताने चोळून द्यायचा असतो.

"या मॅडम, या!" तो ओरडला. "जागा करा रे मॅडमला. साहेब, ह्या आमच्या मॅडम. आज आपण सगळे वनस्पतीशास्त्राचे पाहुणे हाय."

बाई बांधावर उभ्या होत्या. त्यांची नजर वावरात गेली. कडेच्या ओळी तशाच होत्या, पाखरांनी पोखरलेल्या. मधल्या ओळींत नुसती ताटं उभी होती. माना कापलेली.

पुंजाराम लगबगीने पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"पुंजाराम, टोप्यांची कणसं?"

"तीच की, मॅडम," पुंजाराम म्हणाला. त्याच्या तोंडावर शाबासकीची अपेक्षा होती. "एका दाण्याला चोच लागू दिली नाय मी. बाकीची समदी पाखरांनी खाल्ली. सर म्हणले, पाव्हण्यांला हुरडा पाहिजे. म्हणलं, मॅडमनी राखलेली हायती की, टोप्या घालून. पाव्हण्यांसाठीच राखली असतील."

"सगळी?"

"मानसं लई झाली ना मॅडम. समदीच लागली."

रामकिसनने पुढचं सांगितलं, कणीस चोळता चोळताच. हुरडा त्याच्या स्वतःच्या शेतातून, फुलंब्रीहून येणार होता. संक्रांतीला समिती आली असती तर मऊ लुसलुशीत मिळाला असता. आता घरची ज्वारी जून झाली, दाणा दगड झाला. सकाळी भावाने पोतं आणून टाकलं तेव्हा ते कळलं. पाहुण्यांना तर कबूल करून बसलेला. तालुक्यात शोधूनही कोवळी ज्वारी मिळेना, आणि इथे डोळ्यांसमोर ती उभी.

"वाटलं, मॅडमला इचारावं. पण सकाळी तुम्ही परीक्षेत, फोन बंद. मग म्हणलं, मॅडम काय नाय म्हणणार हाय व्हय? बांधावर आलेल्याला हुरड्याला नाय म्हणू नये, आमची आजी सांगायची. आणि ट्रॅक्टर फिरण्यापरीस चार तोंडात गेलेलं बरं. दाणे थोडेच काढायचे व्हते तुम्हाला, अभ्यासच करायचा व्हता. ताटं तर समदी ठेवलीत मी. एक मोडलं नाय."

त्याने खरोखरच एकही मोडलं नव्हतं. कापही किती काळजीने घेतले होते, ते बाईंना दिसत होतं.

आगटीशेजारी न भाजलेल्या कणसांचा लहानसा ढीग उरला होता. बाई वाकल्या, त्यातलं एक उचललं आणि एका दाण्यात नख दाबलं. दुधासारखा पांढरा थेंब वर आला. अजून महिनाभर तरी ते ताटावर राहायला हवं होतं. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि कणीस पुन्हा ढिगावर ठेवलं.

आता आपल्याला राग येईल, असं त्यांना वाटलं. त्या थांबल्या. राग आला नाही. रडूही आलं नाही, आलं असतं तर निदान सगळ्यांना काहीतरी झालंय हे कळलं असतं. पाय दुखत होते, एवढंच जाणवलं. मग त्या सतरंजीवर, कुणीतरी करून दिलेल्या जागेत बसल्या.

समितीचे अध्यक्ष हेमचंद्र प्रधान त्यांच्या शेजारीच होते. पुण्याचे निवृत्त अधिकारी, मोठ्या मनाचे, खाण्याचे शौकीन. हुरडा खाता खाता ते कुलगुरूंना म्हणाले की ट्रॅकचं काम माझ्याकडून झालंच समजा, आणि मैदानावरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांतली एक काटक, सावळी मुलगी टाळ्या न वाजवता नुसती फक्कीच्या रेषेकडे बघत बसली होती. तीच कालिंदी असावी. तिच्याकडे बघून बाईंना वाटलं की हिला तरी मिळू दे.

प्रधानांच्या हातात कागदाची पिशवी होती. कणसांवरून उतरवलेल्या पिशव्या वाया कशाला घालवायच्या म्हणून पुंजारामने त्यांतच हुरडा भरून दिला होता. पिशवीवर शिसपेन्सिलीने बाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

"पिंपळठाण," प्रधानांनी वाचलं. "हे कुठलं गाव, मॅडम?"

"पैठणच्या वरच्या अंगाला होतं. धरणात गेलं."

"अरेरे." प्रधानांनी आणखी चार दाणे तोंडात टाकले. "पण काय चव आहे हो! मी हुरडा खायला सोलापूरपासून जळगावपर्यंत फिरलोय. असा खाल्ला नव्हता. दूध आणि साखर एकत्र लागतं. तुम्ही घ्या ना. तुम्हाला काय म्हणा, तुमचं घरचंच."

रामकिसनने चोळलेले दाणे बाईंच्या तळव्यावर ओतले. गरम होते. इतक्या वर्षांत त्यांनी ही ज्वारी कधी चाखली नव्हती. एक दाणा खाणं म्हणजे एक रोप खाणं, असा तो हिशोब होता. त्यांनी तळवा तोंडाशी नेला. प्रधान म्हणाले त्यात काही खोटं नव्हतं. दगडाबाईने कणीस देताना तिच्या तोंडावर एक तोरा होता, तो कशाचा, हे आता कळलं.

"कसा हाय, मॅडम?" रामकिसनने विचारलं. मागच्या बाकावरच्या मुलाला उत्तर बरोबर आलं की तो जसा बघतो, तसा तो बघत होता.

"गोड आहे."

"म्हणलं नव्हतं?" तो सगळ्यांना म्हणाला.

प्रधानांनी पिशवी झटकून शेवटचे दाणे तळव्यावर घेतले. मग बाईंच्या बाजूला झुकून, लाडीगोडी लावल्यासारखे म्हणाले, "मॅडम, एक मागू? नाही म्हणायचं नाही. मुळशीला माझा थोडा जमिनीचा तुकडा आहे. या ज्वारीचं थोडं बी मिळेल का? मूठभर चालेल."

सतरंजीवरचे सगळे हसत बाईंकडे बघायला लागले. कुलगुरूही. प्रधानसाहेबांना द्यायचं म्हणजे बाईंनी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

"बी हेच होतं," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "घ्या ना. गार झाल्यावर मजा नाही."

प्रधान खळखळून हसले. प्राध्यापक बाई असून थट्टा करतात, याचं त्यांना कौतुक वाटलं असावं.

रामकिसन हसला नाही. त्याच्या तळव्यांत कणीस होतं आणि तळवे थांबले होते. त्याने मधल्या ओळींकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्याच्या घरात मोठ्या दुष्काळात माणसांनी तरवट्याची भाजी खाल्ली होती, जनावरं विकली होती, पण आढ्याच्या बियाण्याला कुणी हात लावला नव्हता. त्याचे ओठ हलले. मॅडम, एवढंच काहीतरी तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली.

प्रधानांचा तळवा पुन्हा पुढे आला होता. रामकिसनने खाली बघून कणीस चोळायला घेतलं.